ट्रंकेतले एकशे बेचाळीस अंक: भाव चढत असताना कॉमिक्सच्या छंदाला आवर घालण्याचं एक प्रकरण

मार्चअखेरीला हिशेब विभागातलं कुणी वेळेवर घरी जात नाही. ३१ मार्च २०२२ ला मी ठाण्याच्या घरी पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मुलगा जागाच होता. जेवणाच्या टेबलावर कुरियरचं पार्सल होतं, खाकी कागदात बांधून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. तो म्हणाला, "आई, या महिन्यातलं हे सातवं. मी एकच मागितलं होतं."

जानेवारीत त्यानं जपानी मांगा कॉमिक्सचा एक संच मागितला होता. बारावीनंतर प्रवेशाचे पैसे भरायचेत, आत्ता नको, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. पार्सल उघडलं. आत इंद्रजाल कॉमिक्सचे चार इंग्रजी अंक. त्यातल्या एकाचीही गोष्ट मला आठवेना. आठवणार कशी? लहानपणी ते अंक मी वाचलेच नव्हते.

जुन्या कॉमिक्सचा संग्रह करणारे माझ्या वयाचे पुष्कळ जण आज याच वळणावर उभे आहेत. भाव झेपत नाहीत आणि छंद सुटत नाही. म्हणून माझं प्रकरण आकड्यांसकट मांडते आहे. आकडे माझ्या नोंदवहीतले आणि बँकेच्या उताऱ्यातले आहेत.

ट्रंक

आमचं घर सांगलीचं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. इंद्रजाल कॉमिक्स मुंबईहून निघायचं, टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीचं. १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं, आणि तेवढ्या काळात आठशेहून थोडे जास्त अंक निघाले. ते इंग्रजीत निघायचं तसं हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतही निघायचं. आमच्या घरी मराठीच यायचं. ली फॉकनं १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी रचलेला फँटम हा मुखवटाधारी नायक आमच्याकडे वेताळ होऊन आला. मराठी घरात वेताळ हा शब्द काही नवा नव्हता. आजीच्या गोष्टीतला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसायचा आणि हा घोड्यावर. दोघे वेगळे आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मूळ कथेत फँटमच्या देशाच्या नावात बंगालचा भास होता, म्हणून भारतीय आवृत्तीत ते बदलून डेंकाली केलं होतं. जादूगार मँड्रेक होता, अंतराळात लढणारा फ्लॅश गॉर्डन होता. आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर आला: भगवा कुडता, खाली जीन्स, आणि समोर डाकू. आपल्या मातीतला म्हणावा असा नायक, आणि दादाचा सगळ्यात लाडका.

बाबा पगाराच्या दिवशी मिरज जंक्शनवरच्या बुकस्टॉलवरून एखादा अंक आणायचे. बाकीचे रद्दीच्या दुकानातून. काहींवर वाचनालयाचा जांभळा शिक्का असायचा, काहींच्या पिना गंजून पानावर तांबूस डाग पडलेला असायचा. वाचून झालं की अंक पत्र्याच्या ट्रंकेत जायचे. आई त्यात वेखंडाची पूड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायची. तो वास मी आजही डोळे मिटून ओळखेन. २००८ च्या दिवाळीत मी आणि दादानं बसून यादी केली. एकशे बेचाळीस अंक निघाले, सगळे मराठी. माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, म्हणून ट्रंक सांगलीतच दादाकडे राहिली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. २००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. त्याच अंदाजानं दादानं ट्रंक उचलून कॉटवर ठेवली आणि माणसं घेऊन बाहेर पडला. नऊ दिवसांनी घर उघडलं तेव्हा कॉटही दिसत नव्हती. शहरातल्या ग्रंथालयांतली हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली, तिथं आमच्या ट्रंकेचं काय सांगायचं. वर्तमानपत्राच्या जातीचा कागद पाणी पिऊन फुगतो आणि गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांना चिकटतात. एकशे बेचाळीस अंकांची चिखलाची एक वीट झाली होती. भिजलेली पुस्तकं पिशवीत घालून गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि पुढे सावकाश वाळवता येतात, हे मी नंतर वाचलं. त्या आठवड्यात सांगलीत वीजच नव्हती.

पुरानंतरची माझी पहिली खरेदी सप्टेंबर २०१९ ची आहे. गेलेल्यांपैकी एक अंक, १८० रुपयांना. पैसे पाठवताना हात थरथरत होता. अंक आल्यावर फोटो काढून पहिल्यांदा दादाला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. त्यानंतर मिळालेला प्रत्येक अंक मी त्याला असाच पाठवत गेले.

भाव कसे चढले

२०१२ च्या सुमारास माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर मी असे अंक वीस-पंचवीस रुपयांना उचलल्याचं मला आठवतं. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपास किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगात हात घातला तर कधी दहालाही मिळायचे. २०२१ मध्ये तसाच अंक पाचशेला विकला जात होता आणि साठच्या दशकातले सुरुवातीचे अंक हजारांत.

याला एकच कारण नाही. ही कॉमिक्स जपून ठेवायला छापलेलीच नव्हती. पातळ कागद, दोन पिना, वाचा आणि रद्दीत द्या. ज्या कागदात लाकडाचा अंश जास्त असतो तो हवेनं आणि उजेडानं पिवळा पडून ठिसूळ होतो. आपल्या पावसाळ्यात त्याला कसर लागते, वाळवी लागते. म्हणजे दर वर्षी प्रती कमी होतात, आणि वाचून मोठी झालेली पिढी त्याच काळात चाळिशी-पन्नाशीला पोचून तिच्या हातात पैसा आलेला असतो. पूर्वी खरेदीदार आपल्या गावच्या रद्दीवाल्यापुरता होता. आता नागपूरचा माणूस कोलकात्याच्या प्रतीवर बोली लावतो. २०२० च्या टाळेबंदीत माणसं घरात अडकली, माळे साफ झाले, जुनी नावं आठवली आणि व्हॉट्सअॅपवरचे गट भरले. रद्दीवालेही शहाणे झाले. त्यांनी शहाणं का होऊ नये? पूर्वी किलोवर जाणारा माल आता नगावर जातो, याचा मला राग नाही.

लिलाव रात्री नऊला सुरू व्हायचा. विक्रेता मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, खाली पायाभूत किंमत, आणि पन्नास-पन्नासनं बोली चढायची. शेवटच्या मिनिटात कुणीतरी एकदम दोनशेनं उडी मारायचं. मी दिवसभर बिलं तपासणारी बाई, पण रात्री नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी माझं बोट आपोआप चालायचं. समोरचा माणूस ट्रंकेतला अंक माझ्या हातून हिसकावून नेतोय असं वाटायचं.

गुंतवणूक आहे ही, असं गटात वारंवार म्हटलं जायचं. दाखले अमेरिकेचे. आज ते देणाऱ्यांकडे आणखी मोठे दाखले आहेत. सुपरमॅनची पहिली कथा असलेला १९३८ चा अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला. पण त्याच अमेरिकेची दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला तेव्हा लोकांनी तो काळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून न काढता, पुढे सोनं होईल म्हणून, गठ्ठ्यानं घेऊन ठेवला. लाखो प्रती जपल्या गेल्या, म्हणजे दुर्मीळ काहीच राहिलं नाही. फुगा फुटला, दुकानं मिटली, आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलसारख्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. १९३८ च्या अंकाला मोल आलं ते तो कुणी जपला नाही म्हणून. इंद्रजालचे जुने अंक दुर्मीळ आहेत हे खरं, पण त्यांच्यासाठी पैसे मोजणारी पिढी एकच आहे, आणि ती म्हातारी होते आहे. वीस वर्षांनी माझ्या मुलाच्या वयाचे लोक वेताळसाठी पाचशे रुपये देतील यावर मी घरखर्चाचा पैसा लावणार नाही.

मुलाचा मांगाचा संचही उगाच महागला नव्हता. परदेशी छापलेल्या पुस्तकाची किंमत डॉलरशी बांधलेली. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या जानेवारीत तो ७५ च्या आसपास होता. मधल्या काळात, २०१९ च्या अर्थसंकल्पात, आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क आलं. चाळीस डॉलरचं पुस्तक अठराशेवरून शुल्क धरून तीन हजारांच्या वर गेलं ते असं. त्याला नाही म्हणताना ही सगळी कारणं मी नीट समजावून सांगितली होती. स्वतःला मात्र एकही लावलं नव्हतं.

हिशेब

त्या रात्री झोप लागली नाही. सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२२, एकतीस महिन्यांचे बँकेचे उतारे काढले आणि कपाटातले अंक जमिनीवर मांडले. कुरियरचा खर्च धरून १,८४,६०० रुपये गेले होते. अंक ४१२. म्हणजे सरासरी ४४८ रुपयांना एक.

आकडा मोठा होता, पण खरा धक्का त्याची फोड केल्यावर बसला. ४१२ पैकी मराठी अंक होते ११३, त्यांवर ३८,४०० रुपये. हिंदी ६१, त्यांचे १९,८००. उरलेले २३८ इंग्रजी, आणि त्यांवर १,२६,४००. दोन-तृतीयांशाहून जास्त पैसा अशा अंकांवर गेला होता, जे आमच्या घरी कधी आलेच नव्हते. मग २००८ ची यादी काढली आणि मराठी अंक तिच्याशी ताडून पाहिले. ट्रंकेतले म्हणावेत असे अंक निघाले ७१. एकशे बेचाळीसचे बरोबर निम्मे. ४१२ विकत घेऊन ७१.

हे असं कसं झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मराठी अंक माझ्या अनुभवात सापडायला अवघड, पण त्यांवर बोली लावणारेही थोडे, त्यामुळे सापडला तर तुलनेनं स्वस्त मिळतो. इंग्रजीवर सगळा देश बोली लावतो. विक्रेते बहुधा लॉट विकतात. दोन मराठी हवेत तर सोबत दहा इंग्रजी घ्या. आणि एकदा इंग्रजी अंक घरात आले की क्रमांक दिसू लागतात. २१० आहे, २१२ आहे, मग २११ हवा. गटात फिरणाऱ्या याद्याही इंग्रजी क्रमांकांच्याच. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते, आणि ती आपली आहे का, हे विचारायचं राहून जातं. पूर आला तेव्हा माझ्याकडे एक खड्डा होता. क्रमांकांच्या यादीनं मला त्याच्या शेजारी सहाशे खड्डे दाखवले.

आणखी एक मोजणी केली. ४१२ पैकी ३१६ अंक पारदर्शक पिशवीतून एकदाही बाहेर आलेले नव्हते. आले तसे पिशवीत, मागे जाड पुठ्ठा, कपाटात. वाचलेले ९६.

एक फसवणूकही याच काळात झाली. साठच्या दशकातला म्हणून २,२०० रुपयांना घेतलेल्या अंकाचं मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्स निघालं. ते लक्षात आलं त्या रात्री मांडामांड करताना, घेतल्यानंतर आठ महिन्यांनी. जुन्या छपाईत भिंगाखाली रंगाचे सुटे ठिपके दिसतात; याच्यावर टोनरची चकाकी होती, आणि आतल्या पानांना गंजाचा डाग असून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नव्हता. आठ महिने मी ते उघडून पाहिलं नव्हतं, हे त्यातलं जास्त वाईट.

चातुर्मास

आधी मी महिन्याला दोन हजारांची मर्यादा घालून पाहिली. एप्रिल नीट गेला. मे महिन्यात जूनचे दोन हजार उचलले, जूनमध्ये जुलैचे. मर्यादा असली की ती संपवायची असते, असं माझं मन धरून चाललं.

माझी आजी आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण-वांगं खात नसे. कांदेनवमीला घरात कांद्याची भजी व्हायची, आणि त्यानंतर चार महिने विषय बंद. तिला रोज ठरवावं लागत नसे. एकदाच ठरलेलं असे. मी तेच केलं. २०२२ ची आषाढी १० जुलैला होती, कार्तिकी ४ नोव्हेंबरला. मधल्या काळात एकही अंक विकत घ्यायचा नाही, आणि रोज रात्री नऊला न वाचलेल्या ३१६ पैकी एक वाचायचा. लिलावाची वेळ मुद्दाम धरली.

पहिले तीन आठवडे कठीण गेले. श्रावणात एकदा मोडलं. यादीतला अंक दिसला, बहादूरचा, ४०० रुपये, आणि मी घेतला. दुसऱ्या दिवशी पाचपैकी चार गट सोडले. नुसते मूक करून भागत नाही. हिरवा ठिपका दिसतोच. पाचवा ठेवला, कारण तिथं विक्रीपेक्षा माहितीची देवाणघेवाण जास्त होते आणि तिथल्या माणसांचा मला लळा आहे.

वाचनानं मात्र पुष्कळ उलगडलं. चातुर्मासात नव्वद-एक अंक वाचून झाले. इंग्रजीतल्या कित्येक गोष्टी मला आवडल्याच नाहीत. चित्रं चांगली, पण तो आवाज माझा नव्हता. मराठी अंक हातात घेतला की भाषा ओळखीची लागायची, थोडी पुस्तकी, धडाधड चालणारी, आणि मी दहा वर्षांची व्हायची. त्या तुलनेसाठी कुणालाही विचारावं लागलं नाही. कोणते अंक राहणार आणि कोणते जाणार, ते भाद्रपद संपेपर्यंत आपोआप ठरलं.

दादा

त्या दिवाळीला सांगलीला गेले. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दादाला मी मोठ्या उत्साहानं सगळा हिशेब दाखवला. यादीतले बहात्तर मिळाले, सत्तर राहिले, आता फक्त तेवढेच शोधणार, असं सांगितलं. तो बराच वेळ वही चाळत बसला. मग म्हणाला, "एक विचारू? तू मला प्रत्येक अंकाचा फोटो का पाठवतीस गं?"

मी म्हटलं, "तुला आनंद व्हावा म्हणून."

"ट्रंक माळ्यावर चढवली असती तर राहिली असती. मी कॉटवर ठेवली. तुझा फोटो आला की दर वेळी मला ती कॉट दिसते."

तीन वर्षं तो अंगठा पाठवत होता. मला एकदाही शंका आली नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "ताई, हे तुम्हाला बोलले बरं झालं. मला कितीदा म्हणालेत." मी दादाला म्हटलं की तू माणसं बाहेर काढलीस, आईला पाठीवर घेऊन पाण्यातून चाललास, मला ट्रंकेचं काय. ते खरंच होतं. पण मग मी दोन वर्षं सात महिने नेमकं काय विकत घेत होते, हेही त्याच क्षणी मला स्पष्ट दिसलं. बाबांची ट्रंक पुन्हा भरली की पूर आलाच नव्हता असं होईल, असं मनात कुठंतरी धरून मी बसले होते.

प्रकरण म्हणून या सगळ्याकडे पाहिलं तर मी हाच सांधा महत्त्वाचा मानते. मर्यादा, चातुर्मास, गट सोडणं यांनी हात आवरला. पण खरेदीची ओढ त्या संध्याकाळनंतर उतरली. ज्यांना आपला खर्च कमी होत नाही असं वाटतं, त्यांनी आपण कशाची भरपाई करतोय हे एकदा घरच्यांसमोर मोठ्यानं बोलून पाहावं, असं मी आग्रहानं म्हणेन. माझ्यापुरता तरी हा उपाय कोणत्याही अंदाजपत्रकापेक्षा उपयोगी पडला.

विक्री

इंग्रजी अंक विकायला काढले. एका व्यापाऱ्यानं २३८ अंकांचे मिळून ४५,००० देऊ केले. मी सव्वा लाखाच्या वर मोजले होते. राग आला, पण हिशेब केला तर त्याचं चुकीचं नव्हतं. त्याला माल साठवायचा, एकेक विकायचा, न विकला जाणारा सांभाळायचा. गटात आणि संकेतस्थळांवर दिसते ती मागितलेली किंमत. हातात पडते ती वेगळी. भाव वाढलेत म्हणून आपला संग्रह तेवढ्याचा झाला असं समजणाऱ्यांनी एकदा पाच अंक विकून पाहावेत.

मी एकेक विकायचं ठरवलं. प्रत्येक अंकाची खोट आधी लिहायची: पिन गंजलेली, कोपरा दुमडलेला, मधलं पान सुटं, शिक्का आहे, शब्दकोडं पेनानं सोडवलेलं. चौदा महिन्यांत १७१ अंक गेले, ७८,३०० रुपये आले. सरासरी ४५८. घेताना ५३१ पडले होते. तोटा झाला, तो मी शिकवणीची फी म्हणून नोंदवला. तो झेरॉक्स मुखपृष्ठाचा अंक विकला नाही, त्यावर नकली असं लिहून बाजूला ठेवला, म्हणजे पुढे कुणाच्या हाती खरा म्हणून जायला नको. एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला तीन अंक घ्यायचे, कारण त्यांच्या लहानपणी घरी इंग्रजीच यायचं. त्यांना पार्सल पाठवताना मला वाईट वाटलं नाही.

पहिल्या पैशांतून मुलाचा मांगाचा संच आणला. बाकीचे त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या फीमध्ये गेले.

हिंदीचे ६१ विकले नाहीत. दादाची मुलगी ते वाचते. पिशवीतून काढून, पालथं पडून, खाकरा खात वाचते. दोन अंकांवर तेलाचे डाग पडले आहेत.

आज

आता फक्त २००८ च्या यादीतलेच अंक घ्यायचे आणि एका अंकाला सहाशेच्या वर जायचं नाही, असं ठरलं आहे. २०२३ मध्ये ९,२०० रुपये गेले, २०२४ मध्ये ७,४५०. त्यात पिशव्या, पुठ्ठे आणि सिलिका जेलच्या पुड्या आल्या. पिशवी पॉलीप्रॉपिलीनचीच घेते. साध्या मऊ प्लॅस्टिकची काही वर्षांनी चिकट होऊन शाई उचलते. वेखंडाची पूडही ठेवते, पण पिशवीच्या बाहेर, कपाटाच्या कोपऱ्यात. दोन वर्षांत सतरा अंक मिळाले. एकोणनव्वद झाले, त्रेपन्न राहिले. भाव थांबलेले नाहीत, त्यामुळे त्रेपन्नपैकी बरेच सहाशेत मिळणार नाहीत हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी यादीतला ८८ व्या ओळीतला अंक दिसला, बहादूरचाच, सुस्थितीत, ३,५०० रुपये. दोन दिवस तो फोटो फोनमध्ये ठेवला. मग फोटो न पाठवता दादाला नुसता फोन केला आणि विचारलं, "अठ्ठ्याऐंशीची गोष्ट आठवते का तुला?"

त्याला आठवत होती. चाळीस मिनिटं त्यानं ती सांगितली, डाकूंच्या घोड्यांच्या टापांसकट, आणि मी वहीत उतरवून घेतली. तेव्हापासून रविवारी रात्री नऊला फोन असतो. न मिळालेल्या अंकांपैकी एकोणीस गोष्टी आजवर अशा लिहून झाल्या आहेत. काहींत तो मँड्रेकला वेताळच्या गोष्टीत घुसवतो. मी तसंच लिहिते आणि बाजूला तारीख घालते. ८८ व्या ओळीत किंमत ३,५०० लिहिली आहे, घेतला नाही अशी नोंद आहे, आणि पुढं साडेतीन पानं दादाची गोष्ट. तिचा शेवट त्याला आठवत नाही. बाबांनी तो अंक वाचायला घेतला आणि मग तो परत हाती आलाच नाही, असं तो म्हणतो.